टोचणी

"गाय चारा खाते. हे वाक्य वाचताना तुमच्या डोक्यात काहीच होत नाही," हेमांगी ठवकर म्हणाली. "आता हे वाचा. गाय चारा वाचते."

पहिल्या रांगेतले अधिकारी हसले.

"तुम्ही हसलात, पण हसण्याच्या आधी एक गोष्ट घडली. तुमचा मेंदू दचकला. 'चारा' या शब्दानंतर काय येणार याचा अंदाज त्याने बांधून ठेवला होता. भलताच शब्द आला आणि त्याला ठेच लागली. अर्ध्या सेकंदाच्या आत. डोक्याला बांधलेल्या या पट्टीला ती ठेच विजेच्या एका बारीक लाटेसारखी दिसते. तुम्ही ठरवून ती थांबवू शकत नाही आणि नाटक करून आणूही शकत नाही."

शेवटच्या रांगेत उज्ज्वलाबाई सोनकुसरे बसल्या होत्या. वऱ्हाडातल्या निंबदेव या आडबाजूच्या गावी त्यांची सारी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली होती. हेमांगी त्यांचीच विद्यार्थिनी. आता ती नागपूरच्या एका प्रयोगशाळेत मेंदूवर संशोधन करत होती, आणि परीक्षा मंडळाला आपले यंत्र दाखवायला येताना तिने बाईंना हट्टाने सोबत आणले होते.

"आता समजा मी लिहिलं, डोंगरावर पाणी जास्त तापमानाला उकळतं," हेमांगी पुढे म्हणाली. "हवेचा दाब ज्या मुलाला कळलाय ते दचकेल. ज्याने आजवर उत्तरं नुसती उतरवून काढलीत, ते थंडपणे पुढच्या वाक्याकडे जाईल. मुलांनी उत्तर लिहायचंच नाही. मग कॉपी कशाची करणार?"

मंडळाचे सचिव उमाळे पुढे वाकले. "यंत्राला नाव काय दिलंय?"

"दचक," हेमांगी म्हणाली.

बाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेजारच्या गृहस्थांना वाटले, म्हातारीला सभागृहातला गारवा सोसत नसावा.

या यंत्राची वाट बाईंनी किती पाहिली होती, ते त्यांनाच ठाऊक. निंबदेवला कॉपीला कॉपी म्हणत नसत. सोय म्हणत. "निंबदेवच्या केंद्रावर सोय आहे," अशी ख्याती चार जिल्ह्यांत पसरली होती. दहावीच्या परीक्षेला जीपगाड्या भरभरून परगावची मुले येत आणि त्यांच्यामागे त्यांचे काका-मामा.

"बाई, आमच्या पोराले जरा पाहून घ्या. सोय कशी आहे तुमच्या इथं?" एखादा मामा विचारी.

"पाण्याची सोय आहे, पंख्याची आहे," बाई म्हणत.

"तसं नाही वो बाई. तुम्हाले कळते मी काय म्हणतो ते."

"मले कळते. पोराले कळते का, ते विचारा."

मामा हसून निघून जाई आणि दुसऱ्या दाराने आपली सोय लावून घेई. बाई ज्या खोलीवर असत तिथे सोय नसे. म्हणून त्यांना खोलीच मिळेनाशी झाली. परीक्षेच्या दिवसांत त्यांना पाणी वाटपावर नेमत.

एका उन्हाळ्यात गावच्या पाण्याच्या टाकीत जंतुनाशक औषध दसपट पडले. टाकीवरच्या तरुणाने हिशेबात दशांश चिन्ह एक घर इकडचे तिकडे केले होते. अर्धे गाव ओकारीने आडवे झाले. लोक त्याला मारायला धावले तेव्हा तो बाईंच्या अंगणात येऊन बसला. त्याच केंद्रावर तो विशेष प्रावीण्याने पास झाला होता. "बाई, मला कुणी शिकवलंच नाही," तो म्हणाला. "नुसतं पास केलं." बाई त्याला भात वाढत होत्या. त्यांना एवढेच सुचले की असे किती जण कुठकुठल्या टाक्यांवर, पुलांवर, दवाखान्यांत बसले असतील. नव्याने उभ्या राहणाऱ्या देशाला विटा कमी पडल्या तर तो थांबेल, उसन्या घेईल. पण आतून कच्च्या विटा वरून भाजलेल्या दिसल्या, तर कोणत्या मजल्यावर घात होईल ते कोण सांगणार?

मंडळाने दचक स्वीकारली. यंत्रासाठी वाक्ये लिहायला समिती नेमली आणि हेमांगीच्या आग्रहावरून तिचे प्रमुखपद बाईंना दिले. पहिल्याच बैठकीत वाद झाला. चुकीची वाक्ये सगळी नवी असणार हे ठरलेलेच होते. पण त्यांच्यामध्ये पेरायची बरोबर वाक्ये, ज्यांवर दचकले तर गुण जाणार, ती कुठून घ्यायची?

"कुठूनही घेऊ," हेमांगी म्हणाली. "खरी असली म्हणजे झालं."

"नाही गं," बाई म्हणाल्या. "पुस्तकातलीच घ्यायची. शब्दन्‌शब्द. मेळघाटातल्या पोरीकडे पाठ्यपुस्तकाशिवाय दुसरं काय असतं? शहरातल्या मुलाला चार गोष्टी घरी कानावर पडतात. पुस्तकाबाहेरचं विचारलं की गरिबाचं लेकरू मरतं."

हेमांगी थोडी घुटमळली. काहीतरी बोलायचे तिच्या ओठांवर आले होते, पण समोर बाई होत्या. सगळ्या समितीने माना डोलावल्या. पुस्तकाबाहेरचे विचारू नये, हे तर इथल्या प्रत्येक आईबापाचे, प्रत्येक मास्तराचे जुनेच गाऱ्हाणे. ठराव झाला : बरोबर वाक्य म्हणजे पुस्तकातले वाक्य.

पहिल्या वर्षी निकाल इतका कोसळला की मोर्चे निघाले. जीपगाड्या बंद झाल्या. मग लोक निमूट झाले, आणि शाळांतून पुन्हा शिकवण्याचे आवाज येऊ लागले. बाई समितीच्या कामासाठी गावोगाव हिंडत आणि ते आवाज व्हरांड्यात उभ्या राहून ऐकत. चार-पाच वर्षांनी निकाल वर चढला, मग आणखी चढला. शिकवण्याचे आवाज मात्र कमी कमी होत गेले. मुले आता मन लावून वाचतात, असा अर्थ बाईंनी घेतला. चांगल्याच अर्थाची सवय लागली की माणूस दुसरा शोधत नाही.

त्या दिवाळीत त्यांची लेक पल्लवी आपल्या राहीला घेऊन पुण्याहून माहेरी आली. राही दहावीला होती. लहानपणी ही मुलगी म्हणजे प्रश्नांचा पाऊस. मुंगीला घाम येतो का, सावलीला वजन असतं का. पल्लवी वैतागून म्हणे, "आई, हिला तूच ठेवून घे." आणि बाई म्हणत, "दे."

आता राही शांत झाली होती. विचारले त्याचे उत्तर चोख द्यायची, आणि गप्प. मोठी झाली, बाईंना वाटले.

तुळशीचे लग्न तीन-चार दिवसांवर आले होते. दुपारी चारच्या सुमाराला बाई गच्चीवर उन्हाळ्यातल्या वाळवणाला पुन्हा ऊन दाखवत होत्या. पूर्वेकडे निळ्या आभाळात अर्धा चंद्र वर चढला होता, कापसाच्या फुटक्या बोंडासारखा पांढरा.

"राही, ये बघ. दिवसाचा चंद्र."

राहीची मान एकदम आखडली. डोळे मिटले गेले. हात कानाच्या पाळीकडे गेला.

"काय गं? काय चावलं?"

"काही नाही." ती डोळे मिटूनच म्हणाली, "आजी, ते चूक आहे. चंद्र रात्री दिसतो."

"अगं, वर तर बघ. समोर आहे."

राहीने डोळे उघडले. पाहिले. क्षणभरच. मग तिने कपाळ दाबून धरले आणि ती भरभर जिना उतरून गेली. बाईंच्या हातातली कुरडई तशीच राहिली.

खाली पल्लवी चहा टाकत होती. "बरं वाटत नाहीये का तिला?" बाईंनी विचारले.

"तू काहीतरी पुस्तकाबाहेरचं सांगितलं असशील," पल्लवी सहज म्हणाली. "टोचणी लावली की होतं असं. परीक्षा झाली की जातं म्हणतात."

"कशाची टोचणी?"

पल्लवीने आईकडे आश्चर्याने पाहिले. "तुला ठाऊक नाही? तू समितीवर आहेस आणि..." मग आवाज उतरवून तिने सांगितले. पुण्यात गल्लोगल्ली टोचणीचे वर्ग होते. डोक्याला पट्टी, कानाच्या पाळीला चिमटा. पडद्यावर वाक्ये सरकतात. पुस्तकातले वाक्य आले की काही नाही. दुसरे कुठलेही आले की पाळीला विजेची बारीक टोच. रोज हजारो वाक्ये. काही महिन्यांत चिमट्याची गरजच उरत नाही. पुस्तकाबाहेरचे वाक्य आले की मेंदू आपला आपण दचकतो. "त्यात शिकवत काही नाहीत. वेळच कुठे असतो? पण सगळेच लावतात गं. राहीला नसती लावली तर ती एकटीच मागे पडली असती."

बाई खाली बसल्या. टोचणी. त्यांच्या लहानपणी हा शब्द आतल्या जागेसाठी होता. खोटे बोलले की मनाला लागायची ती टोचणी. आता तिचा वर्ग निघाला होता, आणि ती खरे ऐकले की लागत होती.

पुढचे त्यांना कुणी समजावून सांगावे लागले नाही. चूक ओळखायला विषय यावा लागतो. पण बरोबर तेवढे पुस्तकातलेच असेल, तर विषय कशाला हवा? ओळखीचे नसेल त्यावर दचका, झाले. ही फट हेमांगीच्या यंत्रात नव्हती. ती बाईंनी ठेवली होती. गरिबाच्या लेकरासाठी.

हेमांगी दुसऱ्याच दिवशी आली. ओसरीवर बसून तिने सगळे ऐकून घेतले. तिला नवल वाटलेले दिसले नाही.

"माझ्याकडे आता दचकवाली पहिली मुलं संशोधनाला आलीत, बाई," ती म्हणाली. "हुशार आहेत. विचारलेलं सगळं येतं. परवा एकीच्या प्रयोगात आकडा पुस्तकापेक्षा वेगळा आला. पुन्हा केला, पुन्हा वेगळाच. नवीन काहीतरी सापडत होतं तिला. तिने काय केलं असेल?"

"काय?"

"आकडा खोडला. मी विचारलं, का गं? तर म्हणाली, मॅडम, डोकं दुखतं."



"पूर्वी आपण न शिकलेले इंजिनियर बनवत होतो," हेमांगी म्हणाली. "आता शिकूच शकणार नाहीत असे बनवतोय. एखादा नवा रोग आला तर यांच्यातला डॉक्टर रोग्याला सांगेल, तुमचं लक्षण चुकीचं आहे."

"तू तेव्हा बोलायला हवं होतंस, हेमा. त्या बैठकीत."

"तुम्ही बोलत होता ना बाई," हेमांगी म्हणाली. तिच्या आवाजात आरोप नव्हता, आणि तेच बाईंना सोसवले नाही.

यंदाची वाक्ये अजून मोहोरबंद व्हायची होती. प्रमुख म्हणून शेवटचा हात बाईंचाच फिरायचा. त्यांनी बरोबर वाक्यांतली निम्मी काढून टाकली आणि त्यांच्या जागी पुस्तकाबाहेरची घातली. खरी, साधी, कुठल्याही अंगणात पडताळता येतील अशी. चंद्र कधी कधी दिवसाही दिसतो. ओली माती कोरड्या मातीपेक्षा गडद दिसते. ज्यांनी नुसती टोचणी लावली ती सगळी मुले यावर दचकतील. सगळा देश बघेल. एकदा बघितल्यावर कुणाला डोळे मिटता येतील? असा त्यांचा हिशेब होता.

या हिशेबात राहीही होती. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्यांना तिची आखडलेली मान दिसे.

परीक्षेच्या आठवडाभर आधी पल्लवीचा फोन आला. इकडचे तिकडचे झाल्यावर ती म्हणाली, "आई, बाजारात कुजबुज आहे. यंदा वेगळं काही येणार म्हणतात. तू सांगू नकोस. मी विचारतही नाही. नुसतं हो किंवा नाही म्हण. म्हणजे हा आठवडा तरी टोचणी काढून टाकते तिची."

फोन हातात धरून बाई उभ्या राहिल्या. एक शब्द. बाकीच्या लाखो मुलांच्या आयांना असा शब्द मिळणार नव्हता.

"आई? ऐकतेस ना? तुझीच नात आहे."

"सोय विचारतेस का गं, पल्लू?" बाई म्हणाल्या.

पलीकडून फोन बंद झाला.

परीक्षेच्या दिवशी राज्यभर मुले केंद्रावरून कपाळे धरून बाहेर पडली. काही ओकली. राहीला अर्ध्या परीक्षेतून उचलून न्यावे लागले. एकामागून एक इतकी अनोळखी खरी वाक्ये तिच्यावर आदळली होती की दचक थांबेचना. दवाखान्यात नर्स तिला "पाणी पी बाळ" म्हणाली, तरी तिची मान आखडे.

बाईंना मंडळात बोलावणे आले. सचिव उमाळे सभ्य माणूस. त्यांनी आधी चहा मागवला.

"मॅडम, आम्ही सगळं तपासलं. तुमच्या त्या वाक्यांवर नव्वद टक्के मुलं दचकली."

"तेच दाखवायचं होतं मला, साहेब. मुलांना—"

"ऐकून घ्या. यंत्र खोटं बोलत नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. नव्वद टक्के मुलं एखाद्या वाक्यावर दचकतात, तर त्याचा अर्थ काय? वाक्य चुकीचं आहे."

"चंद्र दिवसा दिसतो, साहेब. खिडकी उघडा. आज नाही तर आठ दिवसांनी दिसेल."

उमाळ्यांनी खिडकीकडे पाहिले नाही. ते पन्नाशीचे होते. त्यांच्या काळी टोचणी नव्हती. त्यांना सगळे समजत होते. "मला दिसतो हो," ते हळूच म्हणाले. "पण नव्वद टक्के पालकांना मी काय दाखवू?"

वाक्ये रद्द झाली. त्यांचे गुण सगळ्यांना सरसकट मिळाले. निकाल आजवरचा सर्वांत मोठा लागला. राही अर्ध्या परीक्षेतून उठूनही चांगली पास झाली. समिती नवी नेमली गेली. आणि टोचणीच्या वर्गांनी बाईंची ती वाक्ये, आता मंडळानेच चुकीची ठरवलेली, आपल्या पुढच्या वर्षीच्या तयारीत टोच देण्यासाठी घालून घेतली.

मे महिन्यात पल्लवी राहीला निंबदेवला सोडायला आली. आईशी ती जेवढ्यास तेवढे बोलत होती. "डॉक्टर म्हणतात, विश्रांती हवी. टीव्ही नको, पुस्तक नको. गप्पाही नकोत," ती म्हणाली. उंबऱ्यात चप्पल चढवताना मात्र तिचा आवाज फुटला. "तू बोलू नकोस तिच्याशी फार. तुझं बोलणं... तुझ्या बोलण्यात सगळं नवंच असतं."

बाईंनी मान हलवली. जन्मभर त्यांनी बोलूनच शिकवले होते. दुसरे कुठलेही हत्यार त्यांच्याकडे नव्हते.

पहिले काही दिवस घर मुके झाले. चुकून "आज उकडतंय बाई" एवढे निघाले तरी राहीचा हात कानाशी जाई. बाई तोंड मिटून घेत आणि आत जाऊन उभ्या राहत. फोनवर हेमांगी म्हणाली, "दचक वाक्यांना बसवलेली आहे, बाई. वस्तूला नाही. तिला वाक्य देऊ नका. तिचं डोकं आपल्या आपण बांधील ते वाक्य वेगळं. निघेल का, मला खरंच सांगता येत नाही. अशा लाखो मुलांना कुणी तपासलंच नाही अजून."

एका दुपारी बाईंनी काचेचा पेला ओसरीवर आणून ठेवला. त्यात बर्फाचा मोठा खडा टाकला आणि पाणी ओतले, अगदी काठापर्यंत, आणखी एक थेंब पडला तर सांडेल असे. बर्फाचे टोक पाण्याच्या वर आले होते. मग त्या काही न बोलता बाजूला बसून शेंगा सोलू लागल्या.

राही खांबाला टेकून बसली होती. थोड्या वेळाने तिचे लक्ष पेल्याकडे गेले. वर आलेले टोक बारीक होत होते. ते वितळले की एवढे पाणी जाणार कुठे? सांडणारच. तिने पायाजवळची चटई मागे ओढली, भिजू नये म्हणून.

बर्फ गेला. पाणी काठाशीच राहिले. एक थेंबही खाली आला नाही.

बाईंच्या छातीत वाक्य उभे राहिले. सुंदर, सोपे, किती वर्गांना सांगितलेले वाक्य. ते जिभेच्या टोकाशी आले आणि त्यांनी दातांखाली ओठ धरला. त्या बोलल्या असत्या तर पोरीला कळले असते, आणि दुखले असते.

राहीची मान आखडू लागली. हात कानाच्या पाळीकडे अर्ध्यात गेला. कपाळावर घाम आला. आता ही उठून जाणार, असे बाईंना वाटले.

राही उठली. पेला तिने अंगणातल्या मोगऱ्याच्या मुळाशी रिकामा केला. आत जाऊन बर्फ आणला. मग एका हाताने कपाळ दाबून धरत, दुसऱ्या हाताने थेंब थेंब पाणी ओतत, तिने तो पुन्हा काठोकाठ भरला आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.